दादानं वाट दिली

या सदरातले अनुभव मी करमणूक म्हणून वाचतो, हे आधीच सांगून टाकतो. पिंपळावरची बाई, घाटात लिफ्ट मागणारा माणूस, बंद खोलीतली पैंजणं... वाचायचं, चहा संपवायचा आणि बाजारात जायचं. माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता आणि खरं सांगू का, अजूनही नाही. पंचाईत तीच आहे. विश्वास असता तर "राखणदार होता" असं म्हणून मोकळा झालो असतो. जन्मभर सरकारी कारकुनी केली. तिथे प्रत्येक कागदाला कुठली ना कुठली फाइल मिळतेच. ही गोष्ट मात्र इतकी वर्षं माझ्या टेबलावर तशीच पडून आहे. वाचून कोणाला सुचलं तर सांगा.

आमचं मूळ गाव रत्नागिरी तालुक्यात, खाडीतल्या एका बेटावर. अशा बेटाला आमच्याकडे जुवं म्हणतात. नाव देत नाही, कारण भावकीतल्या लोकांना आवडणार नाही. रत्नागिरीहून एसटीनं तासाभरात खाडीच्या काठाला उतरायचं आणि तिथून होडीनं पलीकडे. बेटाच्या मधल्या उंचवट्यावर दोन वाड्या, खाली भाताचे कोपरे, काठानं चिपी आणि कांदळाची दाट झाडी. पश्चिमेच्या टोकाला देवरहाटी, म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. ऐन, किंजळ, सातवीण... एकेक झाड दोघांच्या कवेत न मावणारं. तिथली काटकीसुद्धा कोणी चुलीला आणत नसे. आत उघड्यावर एक पाषाण, तो जुव्याचा राखणदार, आणि त्याच्या बाजूला विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी आणि अख्ख्या बेटाला गोड्या पाण्याची ही एवढी एकच विहीर. ती आटली किंवा खारी झाली की गाव उठलंच.

जुव्याच्या काठाकाठानं एक वाट होती. तिला फेरीची वाट म्हणत. कुठे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी, कुठे रेती, कुठे खारं पाणी अडवायला घातलेला मातीचा बांध. चालत गेलं तर पुरी फेरी व्हायला दोन-अडीच तास लागत. शिमग्यात पालखी याच वाटेनं फिरायची, बेट उजव्या हाताला ठेवून, म्हणजे उजवी घालून. वाट इतकी अरुंद की समोरासमोर दोन माणसं आली तर एकानं खाली उतरायलाच हवं. त्याचा नियम होता. रिकाम्या माणसानं ओझेवाल्याला वाट द्यायची. समोर सख्खा वैरी असला तरी त्याच्या डोक्यावर भारा असेल तर तुम्ही चिखलात उतरायचं. हे आम्हाला कोणी शिकवलं ते आठवत नाही. पोहणं कोणी शिकवलं तेही आठवत नाही, त्यातलंच ते.

आता दादाविषयी. सदादादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मुंबईत गिरणीत होता आणि गिरणीच्या टीममधून लांब पल्ल्याच्या शर्यती धावायचा. खातं कोणतं विचारलं तर तो साचाखातं सांगायचा, पण साहेबलोक त्याला ओळखायचे ते पायांमुळे. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली आणि दादा वहिनीला घेऊन जुव्यावर परत आला. सामानात दोन ट्रंका, शर्यतींत मिळालेले थोडे कप आणि धावायचे बूट. शेतीत त्याचं मन रमलं नाही. पण रोज पहाटे उठून फेरीच्या वाटेनं जुव्याभोवती धावायचा. लोक हसायचे. "पाठी कुत्रा नाय, पुढं यष्टी नाय, मंग सदू धावतंय कशाला?" असं आमचे चुलते सगळ्यांसमोर विचारायचे. दादा म्हणायचा, "पाय मागतात म्हणून."

साल ८५ असेल, फार तर ८६. कोळशाच्या भट्ट्या लावणारा एक ठेकेदार जुव्यावर आला. पश्चिमेच्या टोकाच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ज्यांची नावं होती ते सगळे मुंबईत. त्यांनी कागद करून दिले. देवरहाटी त्यातच आली, किनाऱ्याची झाडीही आली. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांनी संमतीच्या सह्या केल्या. गावकीत दादानं विचारलं, "झाडं गेली तर विहीर ऱ्हाईल काय?" दाजी गुरव राखणदाराची पूजा करणारे, त्यांचाही अंगठा कागदावर होता. ते खाली बघून सुपारी कातरत बसले.

अडत होतं ते फक्त एका ठिकाणी, फेरीच्या वाटेशी. ती वहिवाटीची निघाली तर वाट आणि तिच्या दोन्ही अंगांची झाडी तोडता येणार नव्हती. आणि वाट तर देवरहाटीच्या मधून, विहिरीला लागूनच जायची. म्हणजे वाट राहिली की विहीर राहिली. ठेकेदारानं लिहून दिलं होतं की या वाटेवर वहिवाटच नाही, कुत्रंही फिरकत नाही. तालुक्याहून एक साहेब पाहणीला यायचे ठरले. माघ महिना होता, शिमग्याला अजून अवकाश होता.

तेव्हा दादाच्या डोक्यात आलं की त्या दिवशी उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत आपण जुव्याभोवती धावायचं. जमतील तेवढ्या फेऱ्या. गावानं निदान एकेक फेरी सोबत चालायची. साहेब येतील तेव्हा वाटेवर माणूसच माणूस दिसायला हवं. मुंबईत असताना कोणीतरी त्याला सांगितलं होतं की परदेशात एखादं रान, एखादी वाट वाचवायला लोक असे धावतात. त्यानं रत्नागिरीत पत्रकं छापून घेतली... 'वाट वाचवा, विहीर वाचवा, जुवं वाचवा.' मी ती वाचली आणि म्हटलं, "दादा, ऑर्डर कागदावर निघते. पायावर निघत नाही." तो म्हणाला, "तू कागद बघ. मी पाय बघतो." मी रत्नागिरीतल्या कचेरीत रजा टाकली. भावाला एकटं पाडता येत नाही, एवढाच माझा त्यात भाग.

त्या दिवशी उजाडताना धक्क्यावर आम्ही जेमतेम पंधरा-वीस माणसं. सह्या केलेले लोक घराच्या ओट्यावरून बघत होते. दाजींनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. अंगठा दिला होता तरी गाऱ्हाण्याला मात्र हजर! दादा बुटाच्या नाड्या बांधून डाव्या बाजूला वळला तशी दाजींनी हटकलं.

"सदू, डावी घालू नको. उजवी घाल."

"दाजी, ट्रॅकवर डावा हातच आत असतो," दादा म्हणाला. "इतकी वर्षं तसाच धावलोय. उजवीकडनं धावलो की पोटरी धरते."

"पालखी कंदी डावी गेलेली बघितलीस?"

"मी काय पालखी हाय?"

"समोर येईल तो."

"कोण?"

"जो फेरीला असतो तो," असं म्हणून दाजी बाजूला जाऊन थुंकले. मला हसू आलं. दादा निघाला.

वहिनी धक्क्यावर थांबली. साहेबांसाठी झेंडूचा हार केला होता, तो ओल्या फडक्यात गुंडाळून. मी बसलो देवरहाटीच्या अलीकडच्या बांधावर, लिंबूपाण्याची कळशी आणि ग्लुकोजचा पुडा घेऊन. बांधाच्या एका अंगाला खाडीचा चिखल, दुसऱ्या अंगाला चिपीची झाडी. जुव्याला फेरी घालणाऱ्या माणसाला, मग तो डावी घालो की उजवी, माझ्यासमोरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

पहिली फेरी गावातल्या चार बायका आणि दोन म्हातारे दादाच्या मागून चालले. मग ज्याची त्याची कामं. दादा माझ्यापाशी आला तेव्हा चांगला रंगात होता. पाणी पिता पिता म्हणाला, "तो म्हातारा कोण रे?"

"कुठला म्हातारा?"

"आत्ता गेला ना तुझ्याकडनं. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. खालच्या वाडीतला वाटत नाय."

मी म्हटलं, इकडून कोणी गेलं नाही. दादा म्हणाला, "मंग झाडीत उतरला असेल," आणि गेला. माझ्याही डोक्यातून ते गेलं. कालवं काढायला, चिंबोऱ्या धरायला माणसं चिखलात उतरतातच.

पुढच्या फेरीला पुन्हा तेच. म्हातारा समोरून आला. या वेळी काखेत गुंडाळलेली चटई. दादानं वाट दिली, म्हाताऱ्यानं मान हलवली आणि गेला. त्याच्या पुढच्या फेरीला डोक्यावर गाठोडं. मी थट्टा केली, "दादा, उन्हात तुला दर फेरीला पाहुणे भेटायला लागले की काय?" तो हसला नाही. म्हणाला, "बिऱ्हाड हलवतंय रे कोणतरी. पण या वाटेनं कशाला? होडी तर धक्क्याला लागते."

साहेबांचा पत्ता नव्हता. पत्रक वाचून रत्नागिरीचा एक वार्ताहर येतो म्हणाला होता, तोही नाही. ऊन वर चढलं. ओट्यावरचे लोक जेवायला आत गेले. दादा धावत होता, पण आता पाय घासत होता. मला त्याची भीती वाटायला लागली होती, म्हाताऱ्याची नव्हे. ऊन लागलं, अंगातलं मीठ गेलं की माणूस बरळतो. मी त्याला म्हटलं, "बस झालं. बघायला कोणी नाही. कुणासाठी धावतोस?" तो म्हणाला, "साहेब दुपारच्या होडीनं येतील." दुपारची होडी आली. तिच्यातून मासेवालीच्या दोन पाट्या आणि एक आजारी म्हैस उतरली, एवढंच.

जेवणवेळ टळून गेल्यावरची गोष्ट. दादा लांबून बांधावर येताना दिसला. मी बघत होतो. मध्येच तो थांबला. धावणारा माणूस असा थांबत नाही. एकदा थांबला की पुन्हा पाय उचलत नाहीत, हे त्यानंच मला सांगितलेलं. तो थांबला, बाजूला चिखलात उतरला आणि नमस्कार करतात तसे हात जोडून उभा राहिला. ओझं घेतलेला माणूस अंगावरून जायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग वर चढला आणि धावायला लागला. त्याच्या नि माझ्यामध्ये बांध लख्ख रिकामा होता.

मी उठायला गेलो आणि माझं माझ्याच पायांकडे लक्ष गेलं. सकाळपासून मी पाय वाटेवर आडवे पसरून बसलो होतो. ते आता आखडून पोटाशी घेतलेले होते. वाटेवरून कोणी जाताना आपण घेतो ना, तसे. कधी घेतले ते मला आठवत नाही. हे मी तेव्हा दादाला सांगितलं नाही.

दादा आला. म्हणाला, "समई होती आता. आणि पाट्याचा दगड. एवढं वजन या वयात..." त्याचे डोळे खोल गेले होते. मी विचारलं, "तू त्याला काही विचारत का नाहीस?" तर म्हणतो, "ओझं घेतलेल्या माणसाला थांबवायचं काय?" पुन्हा गेला.

दिवस कलायला लागला तेव्हाचा प्रसंग मी एकट्यानं पाहिलेला नाही. वाडीतली भागीरथीकाकी कालवांची पाटी डोक्यावर घेऊन बांधावर चढली आणि माझ्यापाशी जरा टेकली. दादा नुकताच पाणी पिऊन देवरहाटीकडे गेला होता. बांधाच्या त्या टोकाला तो पुन्हा थांबला, खाली उतरला, हात जोडले. काकीनंही पाहिलं. "सदू कोणाच्या पाया पडतंय रे?" ती म्हणाली. दादा देवरहाटीत दिसेनासा झाला. काकीनं पाटी सारखी केली आणि घरच्या वाटेला लागली.

दहा पावलं गेली असेल. मग ती बाजूला उतरली.

जुव्यावरची बाई, डोक्यावर भरली पाटी, ती कोणाला वाट देत नाही. तिलाच सगळ्यांनी द्यायची असते. ती चिखलात उभी, तोल सावरत, आणि मीही उभा. मीसुद्धा बांधाखाली उतरलेला. दोघंही एकमेकांकडे बघतोय. मग वास आला. ओल्या मातीचा, शेवाळाचा... विहिरीत वाकून बघितलं की येतो तो. माझ्यासमोर बांधावर एक जांभा दगड होता, दिवसभर तापलेला. त्यावर टपकन पाण्याचा थेंब पडला. दुसरा त्याच्या पुढे. तिसरा आणखी पुढे. भरलं भांडं नेताना हिंदकळून पडतात तशी ओळ माझ्यापुढून काकीच्या पुढे आणि मग धक्क्याच्या दिशेनं गेली. आभाळ कोरडं होतं. मी वाकून दगडाला हात लावला. ओला होता, आणि मग लगेच वाळला.

काकी म्हणाली, "मी कशाला उतरले रे?" आणि रडायला लागली.

सूर्य बुडायच्या सुमाराला मी धक्क्यावर गेलो. दादा तिथे बसला होता. वहिनीनं त्याचे बूट काढले होते, अंगठ्यांची नखं काळी पडली होती. हार अजून ओल्या फडक्यातच होता. साहेब आले नव्हते. सुपारी चघळत दाजी गुरव पलीकडे बसले होते.

"शेवटी हंडा होता," दादा म्हणाला. "तांब्याचा. काठोकाठ भरलेला. माझ्याकडे बघितलंन आणि हसला. दिवसभरात पहिल्यांदाच हसला."

वहिनी लांज्याकडची. वरच्या गावची माणसं बोलायला रोखठोक. तिनं सगळं नीट विचारून घेतलं, आधी काठी, मग चटई, मग गाठोडं, समई, पाटा, हंडा. मग म्हणाली, "अहो, हे कोणाचं बिऱ्हाड, तुमच्या लक्षात नाय आलं?"

दादानं काळं पडलेलं नख दाबून बघितलं.

"आमच्याकडे कोण घर सोडून चाललं तर शेजारी वाटेत आडवे उभे ऱ्हातात. वाट देत नाहीत. नको जाऊस म्हणतात, हातातलं सामान ओढून घेतात. चालला तो जातोच, पण निदान म्हणायचं असतं. तुम्ही काय केलंत?"

"वाट दिली."

"दर खेपेला?"

"दर खेपेला," दादा म्हणाला. "ओझं होतं ना डोक्यावर."

"म्हणजे जा म्हटलंत," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण दादानं असा चेहरा केला की मला तिचा राग आला. मी म्हटलं, "वहिनी, त्याला ऊन लागलंय. काहीतरी काय बोलता?" ती म्हणाली, "भावोजी, तसंच असूं दे."

दाजी उठले. रोज तिन्हीसांजेला ते देवरहाटीत दिवा लावायला जात. त्या दिवशी ते सरळ घरी गेले. परत कधी दिवा लावला नाही. मी पुढे एकदा विचारलं तर म्हणाले, "रिकाम्या घरात दिवा कशाला?"

आता इथपर्यंत कोणी म्हणेल की ऊन, थकवा, एकानं बरळलं ते बाकीच्यांच्या मनावर बिंबलं. मीही परत जाताना होडीत स्वतःला हेच सांगत होतो. पण दोनच दिवसांत वहिनीचा निरोप आला... विहिरीचं पाणी मचूळ झालंय. मी गेलो, चाखलं. तोंडात धरवेना. ज्या विहिरीला मोठमोठ्या उधाणांत कधी खारं पाणी शिवलं नव्हतं, ती भर माघात, भांगाच्या दिवसांत, जेव्हा खाडीचं पाणी सगळ्यात कमी चढतं, तेव्हा खारी झाली. आणि तोपर्यंत देवरहाटीतल्या एकाही झाडाला कोणी कुऱ्हाड लावली नव्हती. झाडं तोडल्यावर विहीर गेली असती तर मी दादाच्या पत्रकाकडे बोट दाखवलं असतं. हे आधीच झालं. याला मी काय म्हणू?

साहेब त्यानंतर आले. माणूस वाईट नव्हता. दादा त्यांना फेरीच्या वाटेनं फिरवत होता, वहिवाट म्हणजे काय ते समजावत होता, पाय अजून सुजलेले. विहिरीपाशी आल्यावर साहेबांनी पाणी मागितलं. वहिनीनं पोहरा ओढला. त्यांनी घोट घेतला, थुंकला आणि रुमालानं तोंड पुसलं. "अहो, हे तर खारं आहे. मग इथं राखायचं काय?" वाट लागली म्हणतात ना, ती लागताना मी डोळ्यांनी पाहिलीय.

परवानगी मिळाली. शिमग्याच्या आधी तोड सुरू झाली. आणि इथे मला खरी भीती वाटली, ती सांगतो. अख्खं जुवं वाट बघत होतं. सह्या केलेले, न केलेले, सगळे. देवरहाटीत काटकी मोडली तर माणूस रक्त ओकतो हे ऐकत सगळे वाढलेले. आता काहीतरी होणार. कुऱ्हाड उलटी बसेल, झाड अंगावर पडेल, निदान भट्टी तरी विझेल. माझी बायको नास्तिक म्हणावी अशी, तीही विचारायची, "तिकडे काही झालं का हो?"

काही झालं नाही. कोणाला साधा तापसुद्धा आला नाही. झाडं तोडणाऱ्यांपैकी एक जण रोज दुपारी जेवला की त्या पाषाणावर डोकं ठेवून झोपायचा. छान घोरायचा. झाडं पडली, भट्ट्या लागल्या, कोळशाच्या होड्या भरून गेल्या, ठेकेदारानं जाताना गावाला सत्यनारायणही घातला. पूजेला बसल्या बसल्या आमचे चुलते म्हणाले, "बघितलंस? काय नव्हतंच तिथं." गावानं मान डोलावली. लोकांना बरं वाटलं असावं.

दादा तेवढ्यापुरता उठला आणि म्हणाला, "खरं हाय. नव्हतंच."

पाणी होडीनं आणायचं तर किती दिवस आणणार? दोन-तीन पावसाळ्यांत वाड्या रिकाम्या व्हायला लागल्या. कोणी मुंबईला, कोणी खाडीपलीकडे. भागीरथीकाकी लेकीकडे गेली ती तिकडेच वारली. दादा-वहिनी सगळ्यांत शेवटी निघाले. मी होडी घेऊन गेलो होतो. बांध फुटला होता, फेरीची वाट जागोजागी चिखलात गेली होती. दादा ट्रंक डोक्यावर घेऊन पाखाडी उतरला. वाटेत आडवं उभं राहायला कोणी नव्हतं. शेजार केव्हाच उठला होता. वहिनी मागे वळून बघत होती आणि मला म्हणाली, "भावोजी, तुम्ही तरी म्हणा." मी म्हटलं, "दादा, नको जाऊस." तो म्हणाला, "बरं," आणि ट्रंक होडीत ठेवली.

गेली कित्येक वर्षं ते दोघं रत्नागिरीत माझ्याजवळच असतात. दादा नंतर कधी धावला नाही. या गोष्टीवर आमच्यात बोलणं होत नाही. मी एका पाणीवाल्या इंजिनीअरला विचारलं, तो म्हणाला, जमिनीखालून कुठे भेग पडली असेल, योगायोग. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, थकलेल्या मेंदूला माणसं दिसतात. दोघांचंही मला पटतं. फक्त माझे पाय कोणी आखडले, तापल्या दगडावर थेंब कोणाचे आणि काकी चिखलात का उतरली, हे त्यांच्यात कुठे बसत नाही.

गेल्या माघात सहज म्हणून एकदा दादाला विचारलं. वहिनी आत होती. म्हटलं, "तो कोण ते तुला तेव्हाच कळलं असतं, तर आडवा उभा राहिला असतास का?"

तो गुडघे चोळत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग म्हणाला, "नाय रे. कसा राहणार? म्हातारा माणूस, भरला हंडा डोक्यावर... पाणी सांडलं असतं ना."